हॉर्न दाबला आणि वायपर फिरले

डॉ. नसीमताई शेख यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा माझं डोकं अर्धं भादरलेलं होतं, आणि त्या माझ्या मेंदूतली गाठ मागायला आल्या होत्या. ताईंच्या साठीच्या गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही; पण घडलं ते असं.

गाठ काढायची ठरलीच होती. ताईंना ती संशोधनासाठी हवी होती. मी साफ नकार दिला. चौथीच्या वर्गात, खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत पाठ केलेल्या कविता तिथेच शेजारी असणार, अशी माझी खात्री! गाठीबरोबर त्याही प्रयोगशाळेत गेल्या तर?

"न्या वो ताई," आमचं कुटुंब म्हणालं. "पहाटं पहाटं कविता गाणं तरी थांबंल."

ताईंचे वडील पिंपरीत गाड्या दुरुस्त करायचे. ताईंनी खुर्ची ओढली नि विचारलं, "भाऊ, काम काय करायचात?"

"निघोज्याला कंपनीत गाड्यांचं वायरिंग बांधायचो."

"कधी चुकलात?"

आयुष्यभर लपवलेलं मी बोलून गेलो. एकदा वायरींची घडी चुकली, जोडावरची टेप सुटली. साहेबांनी हॉर्न दाबला आणि वायपर फिरले.

"वायर तुटली होती?"

"एकही नाही!"

"तेच मी शोधतेय. प्रत्येक पेशीत डीएनएचा दोनेक मीटर धागा घड्या घालून बसवलेला असतो. घड्यांमध्ये आडोसे असतात. आडोसा ढासळला, की जनुक चालू करणारं लांबचं बटण भलत्याच जनुकाला भिडतं. ते वाढीचं जनुक असलं, तर पेशी वाढतच सुटते. जनुक मात्र धडधाकट असतं."

मी सही केली. अट एकच: नंतर कविता त्यांनीच तपासायच्या.

ऑपरेशननंतर ताई खरंच रद्दीवाल्याकडून जुनं पाठ्यपुस्तक मिळवून आल्या. मी म्हणत गेलो, आणि एका कवितेच्या शेवटच्या कडव्याला अडलो. "गेलं गाठीबरोबर!" मी म्हणालो.

"ते यांना कधीच येत नव्हतं," कुटुंब म्हणालं.

ताईंनी गंभीरपणे कागदावर लिहिलं: 'कविता जागेवर. शेवटचं कडवं पूर्वीपासून गैरहजर.' तो कागद मी फ्रेम करून लावला आहे.

पुढे एकदा ताई स्कूटरवरून आमच्या चिंचवडच्या घरी आल्या. "तुमच्या गाठीतही आडोसा ढासळलेला सापडला, भाऊ. पण त्यावर औषध अजून नाही. खोटी आशा देणार नाही." एवढं सांगायला कोण येतं हो?

माझी गाठ सावकाश वाढणाऱ्या जातीची. पुन्हा येऊही शकते. म्हणून ताईंना निरोगी शंभरी लाभो, हे मागणं थोडं स्वार्थाचंच आहे. औषधाला वेळ लागला तरी चालेल. ते शेवटचं कडवं मी आत्ताच पाठ करायला घेतलंय, आणि तपासायला ताईच हव्यात.