आबांची फुकटची छत्री

सोनगीरच्या मित्राने मला क्रिकेटची फायनल बघायला बोलावलं होतं. त्याचा टीव्ही दाराएवढा, चॅनेल शेकड्याने, आणि समोरच्या आबांच्या गच्चीवरच्या फुकटच्या डिशला, म्हणजे छत्रीला, तो उठसूट नावं ठेवायचा. शेवटचं षटक सुरू झालं आणि पडद्यावर रिचार्ज संपल्याची पाटी आली. पैसे भरायला घेतले, तर मोबाइलवर नुसतं चाक फिरत राहिलं. आम्ही अनवाणीच समोर धावलो.

बंडीतले आबा रिमोट मांडीखाली दाबून बसले होते. "बसा भाऊ," ते मित्राला म्हणाले, "आमना टीव्ही कधी उपास धरत नही."

शेवटच्या चेंडूवर चौकार हवा होता. गोलंदाज मागे चालू लागला आणि चित्राचे तुकडे झाले. आबांची बायको गच्चीवर धुणं वाळत घालत होती. आबा जागचे न हलता छताकडे तोंड करून म्हणाले, "अवं, छत्रीवरनं लुगडं काढ."

चित्र जुळलं तेव्हा चेंडू सीमारेषेकडे पळत होता. तो पोहोचला आणि मित्राने आबांना मिठीच मारली.

आबांनी शांतपणे बंडी सारखी केली. "उद्या बी या. पिक्चर शे."

"कोणता?"

"मांगला रविवारनाच."

आम्ही दोघंही गेलो.