भोये सर आणि तांब्याचं सातवं झाड

शनिवार, १४ जून २००३. सकाळचे अकरा. जागा : आमच्या कॉलेजची फिजिक्सची प्रयोगशाळा. हजर : गणित विभागाचे भोये सर, त्यांच्या पत्नी सुमनताई, तांबट आळीतले अण्णा आणि प्रयोगशाळा सहायक म्हणून मी. टेबलावर सरांच्या पीएचडीच्या प्रबंधाच्या पाच बांधलेल्या प्रती, स्टॉपवॉच, वाफेचा डबा आणि तांब्याच्या तारेचं एक झाड. प्रबंध सोमवारी विद्यापीठात पोचायला हवा होता. तिसरी मुदतवाढ त्या दिवशी संपत होती आणि यापुढे मुदत मिळणार नाही, असं पत्रात लिहिलेलं होतं.

त्या सकाळपर्यंत कसं येऊन पोचलो ते आधी सांगते.

भोये सर सुरगाण्याच्या डोंगरातले. घरात पहिले शिकलेले, आणि शिकले तेही गणित. अंगाने सडपातळ, शर्टाच्या खिशात नेहमी एक खडू, त्यामुळे खिशाखाली कायम पांढरा डाग. वर्गात कुणी "सर, हे तर उघड आहे" म्हणालं की ते खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "उघड कोणाला? नाव सांग." मुलं आपसात एकमेकांची नावं घेऊन हसायची. सरही हसायचे, पण ती पायरी लिहून झाल्याशिवाय पुढे जायचे नाहीत.

१९९२ साली ते पहिल्यांदा माझ्याकडे आले ते तार मागायला. "पगारेबाई, तांब्याची जाड तार आहे का? मला झाड करायचंय." मी रजिस्टर उघडून म्हटलं, "कशासाठी, ते लिहावं लागतं." त्यांनी स्टूल ओढलं आणि मला समजेल असं सांगितलं. एका तारेला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला आणखी दोन. फुटलेले फाटे पुन्हा एकमेकांना मिळत नाहीत, म्हणून ते झाड. बुंध्याला उष्णता दिली की ती फांद्यांतून पसरत जाते. "सांध्यावर काही साठत नाही, बाई. जेवढं आलं तेवढं वाटून पुढे गेलं." तापायचे आणि निवायचे प्रत्येक झाडाचे काही ठरावीक वेग असतात, तबल्याला ठरावीक सूर असतो तसे. ते सगळे वेग मिळून त्या झाडाचा वर्णपट. "त्यातला सगळ्यात सावकाश वेग मला हवाय. बाकीचे विरून जातात, शेवटी तोच उरतो." मी रजिस्टरात लिहिलं : झाड, गणित विभाग, १ नग.

त्यांचं म्हणणं असं होतं की हा वेग काढायला सगळं झाड बघावं लागत नाही. बुंध्यापासून किती अंतरावर किती फांद्या आहेत, एवढं मोजलं की पुरे. मग सगळ्या झाडाच्या जागी कुठे जाड, कुठे बारीक अशी एकच सळई मानायची आणि तिचं गणित करायचं. गणित करणारा माणूस तार तापवून बघत नाही, असं त्यांच्या विभागातले लोक म्हणत. सर म्हणत, "माझ्या आजाला कागदावरचं पटायचं नाही. मलाही अर्धंच पटतं."

झाडं अण्णा करून द्यायचे. अण्णांच्या हातची भांडी अर्ध्या नाशकात आहेत. सर कागदावर झाड काढून देत, अण्णा तार कापून सांधे जुळवत आणि उष्णता हवेत जाऊ नये म्हणून कापसाची पट्टीही तेच गुंडाळून देत. पट्टीत ठरल्या जागी बारीक खिडक्या असत. तिथे मी मेणाच्या गोळ्या चिकटवायची. सगळ्या गोळ्या बुंध्यापासून सारख्या अंतरावर. बुंधा वाफेच्या डब्यात बुडवायचा आणि गोळ्या कधी पडतात ते बघायचं. सरांचं खरं असेल, तर सारख्या अंतरावरच्या गोळ्या एकाच वेळी पडायला हव्यात. आणि त्या पडत. टपटप, एका दमात.

पहिली सहा झाडं एकसारख्या फांद्यांची होती. १९९९ साली सातव्यासाठी सरांनी मुद्दाम आखूड-लांब फांद्या काढून दिल्या. त्याच्याही गोळ्या एकदम पडल्या. सर म्हणाले, "बाई, असमान झाडालाही लागू आहे." आठवं आणि नववंही तसंच गेलं. त्यांनी चौथं प्रकरण कोणत्याही झाडासाठी लिहिलं, आणि पाचवं-सहावं त्यावर उभं केलं.

शेवटच्या आठवड्यात प्रती बांधून आल्या, फक्त वेगळं जोडायचं परिशिष्ट राहिलं होतं : नऊ झाडांची यादी, फांद्यांच्या लांबीसह. याद्या माझ्याकडेच येतात. शुक्रवारी मी चित्रं समोर घेतली, पट्ट्या सोडल्या आणि फुटपट्टी लावली. सातव्याच्या चित्रात एक फांदी चार इंच, जोडीची सहा. तारेत दोन्ही पाच. आठव्यातही तेच. नवव्यातही. इतकी वर्षं मी नग मोजत आले होते, लांबी कधी मोजली नव्हती.

मी फुटपट्टी धरून बसून राहिले. परिशिष्टात चित्रातले आकडे लिहिले असते, तर कुणाला काहीच कळलं नसतं. प्रती बांधून झालेल्या. शेवटी उठले आणि सरांना बोलावलं. त्यांनी तीन झाडं स्वतः मोजली, पुन्हा मोजली आणि चप्पल घालून थेट तांबट आळी गाठली. मी मागोमाग.

अण्णा म्हणाले, "हो, मीच सरळ केल्या. सर, तुमचं चित्र घाईचं वाटलं. एक फांदी आखूड, एक लांब. असं वाकडं काम माझ्या दुकानातून कसं जाईल? लोक काय म्हणतील, अण्णाचा हात गेला." त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता.

सरांनी तोच कागद पुन्हा पुढे ठेवला. "आता जसं काढलंय तसं करून द्या. चुकीचं वाटलं तरी सुधारू नका."

तर शनिवारी सकाळी अण्णा ते झाड घेऊन आले होते, आणि पायरीवरूनच परत न जाता थांबले. सुमनताई सरांच्या प्रवासाची पिशवी घेऊन आल्या होत्या. त्या प्रतींच्या शेजारी उभ्या राहिल्या, हात वरच्या प्रतीवर.

मी गोळ्या लावल्या. डबा चढवला. वाफ आली. सरांनी बुंधा आत सोडला आणि मी स्टॉपवॉच दाबलं. अण्णा गोळ्यांकडे नाही, सरांच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्यांदा आखूड फांदीवरची गोळी चमकली, ओली झाली आणि पडली. लांब फांदीवरची तशीच होती. मी मनातल्या मनात तिला पड म्हणत होते. ती पडली तेव्हा मधे अकरा सेकंद गेले होते.

"गोळी लहान-मोठी असेल," मी म्हटलं. गोळ्या बदलल्या, डबा पुन्हा चढवला. पुन्हा आखूड फांदीची आधी. तिसऱ्यांदाही.

सरांनी चौथं प्रकरण उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सारख्या अंतरावर तापमान सारखं असतं, अशा अर्थाची ओळ होती, आणि पुढे लिहिलं होतं, हे उघड आहे. "एकसारख्या झाडाला खरं आहे," ते म्हणाले. "आखूड फांदीत उष्णतेला पुढे जायला जागा नाही, ती तिथेच चढते. लांब फांदीत पुढे निघून जाते. इतकं साधं आहे. आणि मी विचारलं नाही."

सुमनताई म्हणाल्या, "अकरा वर्षं दिवाळीला मी एकटी माहेरी गेले. सोमवारी जा आणि देऊन या. परीक्षकांना दिसलं तर पुढचं पुढे."

"मला दिसलंय ना, सुमन."

"चौथं काढून बाकीचं देता येईल का?" मी विचारलं. मला मार्ग काढायची घाई असते.

"मग उरतात सहा झाडं आणि तुमचं परिशिष्ट," सर म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिथेच, प्रयोगशाळेच्या टेबलावर, प्रबंध सादर करत नसल्याचं पत्र लिहिलं. कारण एका ओळीत : मुख्य प्रमेय चुकीचं आहे. सुमनताईंनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला, सरांपुढे ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी हात जोडले. "सर, माझ्यामुळं..." एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

नोंदणी रद्द झाली. पदवी नाही, त्यामुळे बढतीही नाही. सर मात्र पुढच्याच आठवड्यात फायलीवर 'असमान झाडं' असं लिहून कामाला बसले. ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरीला जाऊन ते द्राक्षाच्या उघड्या वेलींची चित्रं काढत. एकदा मीही गेले होते. एक बागाईतदार म्हणाला, "एकसारखी वेल पाहिजे असंल तर कागदावर काढा सर. इथं नाय मिळायची." सर म्हणाले, "तीच तर नकोय मला." तीन वर्षांनी त्यांना एवढं सिद्ध करता आलं की खरं झाड त्यांच्या जुन्या सूत्रापेक्षा लवकर कधीच निवत नाही. निवलं तर तेवढ्यात, नाहीतर उशिरा. पण उशीर नेमका किती, ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

अण्णांनी कॉलेजचं काम घेणं बंद केलं. सर चार-पाच वेळा दुकानात गेले. दर वेळी अण्णा हात जोडून उभे राहत आणि सरांनी तोंड उघडलं की भट्टीकडे काम आहे म्हणून आत जात.

२००८ साली सर निवृत्त झाले आणि सुमनताईंसह गावी राहायला गेले. जाण्याच्या दिवशी प्रयोगशाळेत आले. "बाई, वही काढा. एक काम लिहा. अण्णांना सांगायचं की तार चुकली नव्हती, सिद्धता चुकली होती. त्यांनी मुळात वाकडं झाड दिलं असतं तर मला चार वर्षं आधी कळलं असतं, एवढंच. पण ती ओळ मी लिहिली, त्यांनी नाही. माझं ते ऐकत नाहीत. मोजलं तुम्ही, तुमचं ऐकतील."

मी लिहून घेतलं. त्या वर्षी दोनदा गेले. पहिल्यांदा दुकान बंद होतं. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक होतं आणि अण्णांनी चहा पाजून कळशीच्या भावावर विषय नेला. मग परीक्षा आल्या, मग साहित्याची वार्षिक तपासणी. पुढच्या फेब्रुवारीत सुमनताईंचा फोन आला, सर सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले. कळवायच्या लोकांची यादी मीच केली. विभाग, जुने विद्यार्थी, वाचनालय. अण्णांचं नाव त्यात घातलं नाही. त्यांना मी समक्षच सांगणार होते.

गेल्या मंगळवारी गेले. अण्णा आता काम करत नाहीत, दुकानाच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतात. मला बघून त्यांनी दुसरी खुर्ची मागवली आणि मी बसायच्या आधीच विचारलं, "ताई, सर बरे आहेत ना? त्यांची पदवी झाली का हो, नंतर तरी?"

मी म्हटलं, "पुढच्या वेळी निवांत येते, अण्णा." आणि परत आले.

वहीत आता एकाच्या जागी दोन कामं आहेत. सर गेले, हे सांगणं. चूक अण्णांची नव्हती, हे सांगणं. आधी कोणतं, ते ठरत नाही, म्हणून दोन्हींपुढे अजून खूण नाही.