मायचा बॅनर

सिरसाळ्याच्या रस्त्याला आमचं गाव, आणि गावच्या चौकात माझं बॅनरचं दुकान. दुकान म्हणजे एक खोली, एक संगणक आणि मी. गिऱ्हाईक फोटो पाठवतं, मी बॅनर जुळवते, छापून तो परळीहून येतो. लग्नाचे, दुकानाच्या उद्घाटनाचे बॅनर अधूनमधून असतात. वाढदिवस मात्र बारा महिने चालू. मधोमध ज्याचा वाढदिवस तो गॉगल लावून, मागं वाघ, वरच्या बाजूला पुढाऱ्यांचे गोल फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. त्या रांगांत कुणाचा फोटो राहिला तर भांडण दुकानापर्यंत येतं.

एवढ्या वर्षांत बाईचा वाढदिवस मी एकदाच केला, सरपंचबाईंचा. त्यातही नवऱ्याचा फोटो त्यांच्याहून मोठा ठेवायला सांगितला होता. मी ठेवला.

माझी माय मेंढरं राखते. मी आठवीत असताना वडील गेले, तेव्हापासून कळप तिनं एकटीनंच सांभाळला. दुपारी ती मेंढरांना चौकामागच्या हौदावर पाणी पाजते आणि माझ्या दुकानाच्या उंबऱ्यात बसून भाकरी खाते. तिला वाचता येत नाही, पण फोटो ती नीट बघते. गेल्या दिवाळीच्या आधी एका दुपारी समोर नवा बॅनर लागला होता. गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदार घराच्या थोरल्या मुलाचा. मायनं विचारलं, "ह्यानं काय केलं म्हणून लावलाय ह्याला?"

"काही न्हाई केलं. त्या दिवशी जन्मला."

मायनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग म्हणाली, "मंग मी काय न जन्मताच आले?"

ती मेंढरं घेऊन निघून गेली, पण माझं कामात लक्ष लागेना. आधी मला रागच आला, आणि तो तिचाच आला. लहानपणी भावाच्या वाढदिवसाला ती पाट मांडायची, रांगोळी काढायची, जितकं वय तितके कणकेचे दिवे करायची. ताट धरायला मी. माझा कधी, असं विचारलं तर म्हणायची, पोरीला ओवाळलं की पोर बाभळीसारखी वाढती, मग उजवायची घाई करावी लागती. मी तिला हे कधी माफ केलं नव्हतं. पण तिचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी तिला विचारलं, "माय, तू कधी जन्मलीस?"

आधार कार्डावर तिची तारीख एक जानेवारी आहे. आमच्या वस्तीवरच्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच आहे, कार्ड काढणाऱ्यानं ठोकून दिलेली. मायला मात्र दिवस पक्का ठाऊक होता. तिच्या आईनं सांगितलेला. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा निवेद झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवलेली असताना, माय जन्मली. मेंढरांच्या मधेच. "एक मेंढी त्याच येळंला व्यालती," ती म्हणाली. "आई म्हनायची, आधी कुणाकडं बघावं कळंना."

मी मोबाइलवर तिचा फोटो काढला. डोक्यावर पदर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मागं वाघ घातला नाही, माळ तसाच राहू दिला. नावाखाली लिहिलं, चाळीस वर्षं मेंढरं राखली, एकही लांडग्याला जाऊ दिलं नाही. तिला वाचून दाखवलं, तर तिनं मान हलवली.

"खोटं लिहू नको. तीन गेलेत."

मग मी तसंच लिहिलं. चाळीस वर्षं मेंढरं राखली, तीन लांडग्यानं नेली, बाकी सगळी सांभाळली. खाली शुभेच्छुक म्हणून एकच शब्द, लेक.

ग्रामपंचायतीत परवानगी मागायला गेले तेव्हा ग्रामसेवक गोंधळले. बॅनरला परवानगी मागायला आजवर कुणी आलंच नव्हतं. अर्जाचा नमुना त्यांनाच सापडेना. शेवटी कोऱ्या कागदावर लिहून, सही-शिक्का घेऊन आले. म्हणजे चौकातला पहिला कायदेशीर बॅनर मायचा. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी स्वतः शिडी लावून तो चौकातल्या बॅनरच्या लोखंडी चौकटीवर तारेनं बांधला.

तासाभरात दुकानात मोठ्या घरची दोन माणसं आली. त्या घरच्या धाकट्या मुलाचा वाढदिवस तीन दिवसांवर होता आणि त्याचा बॅनर मीच करत होते. दोघे बोलायला नीट होते, ताई ताई करत होते. म्हणाले, चौकट आमच्या मालकांनी बसवून दिलीय, आजींचा बॅनर खाली शाळेच्या भिंतीला लावा. मी परवानगीचा कागद दाखवला आणि सांगितलं की पाच दिवसांची मुदत आहे, तोवर निघणार नाही. त्यातला एक कागद न वाचताच म्हणाला, "ताई, तुमचं निम्मं काम आमच्याच घरचं हाय. इचार करा."

"केलाय," मी म्हणाले.

पुण्याहून भावाचाही फोन आला. त्याला कुणीतरी फोटो पाठवला होता. लोक हसतील, मायचा तमाशा कशाला करतेस, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं की तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला ताट मी धरलं, तेव्हा तुला तमाशा वाटला नाही. आणि मीच फोन ठेवला.

मायच्या वाढदिवसाच्या सकाळी दुकान उघडायला गेले तर चौकट रिकामी. बॅनर हौदामागं चुरगाळून टाकलेला, तारा कापलेल्या. मला रडू येत होतं आणि ते मला अजिबात नको होतं. तेवढ्यात माय कळप घेऊन आली. तिनं बॅनर उलगडला, घोंगडीच्या टोकानं चिखल पुसला, आपल्याच तोंडाकडं क्षणभर बघितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ दे.

ती म्हणाली, "ताट आन."

मी घरी पळाले. पाट, कणीक, तेल, कुंकू, सुपारी, तांदूळ, गूळ, सापडलं ते घेतलं. तिचं वय नक्की कुणालाच माहीत नाही, म्हणून ताटात मावतील तितके दिवे केले. परत आले तर तिनं अख्खा कळप चौकात आणून थांबवला होता. मेंढरं रस्ताभर पसरली होती. बॅनर तिनं हौदाच्या कठड्यावर आडवा टाकून वर दगड ठेवले होते. मी रिकाम्या चौकटीखाली पाट मांडला. माय बसली. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

वडील गेल्यापासून मायच्या कपाळाला कुणी कुंकू लावलं नव्हतं. माझा हात अडखळला. तिनं ते ओळखलं.

"लाव कुंकू. बघत्यात तर बघू दे."

मी लावलं. दिवे पेटवले, ओवाळायला लागले. तेवढ्यात मोठ्या घरची पांढरी गाडी आली आणि मेंढरांपाशी थांबली. आत धाकटा मुलगा होता. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मेंढरांना त्याची सवय आहे, ती हलली नाहीत. मग तो मुलगा काच खाली करून म्हणाला, "आजी, वाट द्या की जरा."

मायनं मानही वळवली नाही. "माजा वाढदिवस हाय. ओवाळून होऊ दे, मंग जा."

काच वर गेली. मी घाई केली नाही. सुपारी तीनदा फिरवली, अक्षता टाकल्या, पाया पडले. वाऱ्यानं एक दिवा विझला तो पुन्हा लावला. मायनं माझ्या तोंडात गूळ घातला, खरं तर तो मी तिच्या तोंडात घालायचा असतो. मग ती सावकाश उठली, काठी घेतली, मेंढरं हाकायचा तिचा आवाज तोंडानं काढला आणि कळप बाजूला झाला. गाडी गेली.

त्याच दिवशी मी बॅनर पुन्हा बांधला, ह्या वेळी दुहेरी तारेनं, आणि परवानगीच्या कागदाची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून खांबाला चिकटवली. कुणी हात लावला नाही. धाकट्याचा बॅनर शाळेच्या भिंतीला लागला, पण तो मी केलेला नव्हता. दुसरीकडून करून आणला होता. त्या घरचं काम तेव्हापासून आलेलं नाही. मी मागायलाही गेलेले नाही.