आबांना द्यायचा होता तो डोळा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आबा वर्षानुवर्षं नाही म्हणत आले. मी भांडून भांडून दमले. मग एक दिवस आपण होऊनच म्हणाले, "चल, सांगलीला जाऊन डोळा करून यिऊ. धाकट्यालाबी संगं घे." धाकटा म्हणजे माझा भाऊ. फौजेत असताना सुरुंग फुटला आणि त्याची दृष्टी गेली. वडूजहून एसटीत त्याला कशाला उगाच हेलपाटा, म्हणून मी चिडले. पण आबा माझं ऐकतील तर ना!

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. आबांनी पापणीची उघडझाप करून पाहिली आणि म्हणाले, "ब्येस झालाय. आता ह्यो काढा आन् माझ्या पोराला बसवा."

थट्टा वाटली मला. पण ते डॉक्टरबाईंच्या उत्तराची वाट बघत होते. परदेशात कुणाला तरी अख्खा डोळा बसवल्याची बातमी त्यांना पारावर कोणीतरी मोबाईलवर ऐकवली होती. द्यायचा तो डोळा स्वच्छ करून द्यावा, म्हणून हे ऑपरेशन! शेजारी भावाने काळा चष्मा काढून हातात घेतला. म्हणजे त्यालाही आशा होती. मला आबांचा भयंकर राग आला.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "आबा, जिवंत माणसाचा डोळा आम्ही काढत नाही. आणि तिकडे बसवलेला डोळा जगला, त्यात रक्त खेळतंय, पण त्याने दिसत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस अजून कुणाला जोडता आलेली नाही. नेत्रदानातसुद्धा फक्त पुढचा पारदर्शक पडदा बसवतात. यांची तर नसच गेलीय."

"मग कवा जमंल?"

"प्रयत्न चाललेत. कधी, ते मला सांगता येणार नाही."

"मी मेल्यावर घ्या. काढून ठिवा तवर."

"तितका टिकत नाही हो तो."

"बास करा आबा," भाऊ म्हणाला. "चला घरी."

आवाजाच्या दिशेने आबा वळले. स्फोटानंतर त्यांनी त्याला धुरकटच पाहिलं होतं, आणि आम्हीही चेहऱ्याला थोडंसं खरचटलंय म्हणूनच सांगत आलो होतो. आता खिडकीच्या उजेडात ते बघत राहिले. गालात रुतलेले काळे कण. भुवईपासून कानापर्यंत गेलेला व्रण.

"लय लागलंय रं तुला," आबा म्हणाले.

आजवर काही झालं नाही म्हणणारा माझा भाऊ मान खाली घालून म्हणाला, "व्हय आबा. लय लागलंय."