मंचरच्या स्टँडवर दिलेलं उत्तर

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. दिवाळी असो, जत्रा असो, कुणाचं बारसं असो, जेवणं उरकली की पोरं आणि पाहुणे माझ्याभोवती जमतात आणि मी आमच्या नोकरीच्या परीक्षेची गोष्ट सांगतो. सगळ्यांना पाठ आहे, तरी हसतात. पण त्या गोष्टीत एक जागा आहे, जी मी दर वेळी उडी मारून ओलांडतो. पिंपरी पेंढारला एसटीत बसतो, तो थेट पुण्यात उतरतो. मधलं मंचर येतच नाही. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही — आणि मी आणून दिलं नाही. आईला नाही, दोस्ताला नाही, बायकोला तर नाहीच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय. कसं सांगायचं, ते अजून नीट ठरलेलं नाही.

आधी बायकोची ओळख करून देतो. (बघा, लागलोच वळसे घ्यायला.) सुमन माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे यात नवल काही नाही. भावाला मुलगी झाली की बहीण पाळण्यात वाकून बघते ती सून म्हणूनच. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत सुमन मला ‘अरे’ म्हणायची, दुसऱ्या दिवसापासून ‘अहो’. पहिले काही महिने दोन्ही मिसळून काहीतरी तिसरंच. माझ्या आईला मात्र ती ‘आत्या’च म्हणत राहिली. त्यामुळे आमच्या घरात सासू-सुनेचं भांडण कधी झालं नाही. दोघी एकाच माहेरच्या. भांडायचं असेल तेव्हा त्या दोघी मिळून माझ्याशी भांडायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका सरकारी खात्यात कारकुनांची भरती निघाली. मी बी.ए., सुमनही बी.ए. — फरक एवढाच, की तिचे मार्क विचारले तर सांगता यायचे. अर्ज माझा एकट्याचाच भरायचा, हे मी धरून चाललो होतो. आई म्हणाली, “तिचा बी भर. माझ्या भावाची पोर हाय, डोकं हाय तिला.” मला डोकं आहे की नाही, याबद्दल ती काही बोलली नाही.

बाकी विषयांचं ठीक होतं. माझं घोडं अडलं ते बुद्धिमत्ता चाचणीत. आमचा अभ्यास चालायचा कांद्याच्या चाळीत. आई, सुमन आणि मी कांदा निवडायला बसायचो. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, सडका पाटीत. गाईड एका गोणीला टेकवून ठेवलेलं. सुमन एका डोळ्याने प्रश्न वाचायची, एका डोळ्याने कांदा बघायची आणि दोन्हीचा निकाल एकदमच लावायची. गोल टेबलाभोवती माणसं बसवायची असली, की ती माणसांच्या जागी कांदे मांडायची. “हा आपला सरपंच, ह्याच्या उजव्या हाताला ही गोल्टी तलाठीणबाई, आन् ह्या दोघांच्या समोर कोन?” दिशांच्या प्रश्नाला मात्र मला उठून अंगणात जावं लागायचं. कागदावर डावीकडे वळणं मला जमायचं नाही. मी खरोखर वळायचो. ‘रमेश उत्तरेला चालतो, उजवीकडे वळतो, पुन्हा उजवीकडे वळतो —’ रमेश कुठे पोचला ते देव जाणे, मी गोठ्यात पोचायचो.

आणि नात्यांचे प्रश्न! त्यावर तर घरात तंटाच झाला. ‘माझ्या आईच्या भावाची मोठी मुलगी माझी कोण?’ मी ठोकून दिलं, पत्नी. गाईडच्या मागे उत्तर, मामेबहीण. मी म्हटलं, गाईड चूक आहे. आई पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्या बाजूने उभी राहिली.

“बराबर हाय त्याचं. मामाची पोरगी दुसरी कोन आसती?”

सुमन हसून हसून गोणीवर आडवी झाली. “आत्या, पेपर काढणारा आपल्याकडचा नसतोय. घर दाराबाहेर ठेवायचं आन् मग प्रश्नात शिरायचं.”

ते तिला जमायचं. मला नाही. मी ज्या प्रश्नात जाईन तिथे माझा मामा सासरा होऊन बसलेला. पण खरं सांगतो, ते दिवस फार मजेचे होते. तिनेच मला शिकवलं. न रागावता, न थकता, तोच प्रश्न वेगवेगळे कांदे मांडून. माझं गणित सुधारलं, घड्याळाचे प्रश्न सुटायला लागले, रमेशसुद्धा हळूहळू गोठ्याबाहेर राहायला लागला. मी पास झालो तो तिच्या जोरावर. हे मी गोष्टीत सांगतो, लपवत नाही. दिलदार नवरा म्हणून माझं कौतुकही होतं.

मग लपवतो काय?

सांगतो. अर्ज द्यायला मी एकटाच पुण्याला गेलो होतो, दोघांचे घेऊन. खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, “साहेब, उत्तर चुकलं तर मार्क कापतात का?” तो वर न बघता म्हणाला, “काही कापत नाहीत. सगळं लिहून या, रिकामं सोडू नका.” आता एवढी मोलाची माहिती, घरी येऊन पहिली तीच सांगायला हवी होती की नाही? नाही सांगितली. त्या दिवशी मुद्दाम नव्हे, देवाशप्पथ, राहून गेली. पण राहून गेलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आठवली, तिसऱ्या दिवशीही आठवली, तेव्हा तिला राहून गेलेली म्हणायचं का?

त्याच सुमारास गावात मस्करी सुरू झाली होती. स्टँडवर गेलो की दोस्त विचारायचे, “काय राव, वैनी सायब झाल्यावर तुला शिपाई म्हनून घेत्यात का?” मीही हसायचो. हसण्यात मी कधी मागे नव्हतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी आईने सुमनच्या हातावर ओझरच्या गणपतीचा अंगारा ठेवला आणि म्हणाली, “सुमे, तुझं तर हुतंयच.” मग चिमूटभर माझ्या कपाळाला लावला. “तुझं बग बाबा काय हुतंय.” यात वाईट काय होतं? काहीच नाही. तिने पाहिलं होतं ते सांगितलं. मी मात्र ते घेऊन एसटीत बसलो.

गाडी मंचरला थांबली. शेंगावाला चढला, उतरला. सुमन खिडकीशी होती, मांडीवर डबा. इतका वेळ ती मनातल्या मनात काहीतरी सोडवत होती. ओठ हलत होते. एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, समजा एखाद्या प्रश्नाची खात्री नसली, तर ठोकून द्यायचं का सोडायचा? चुकलं तर मार्क कापतात का?”

मी म्हणालो, “कापतात.”

बस. एवढंच. एक शब्द. रागाने नाही, ठरवून नाही. शेंगा सोलता सोलता म्हणालो. तुम्हाला वाटेल, माझ्या मनात काहीतरी मोठी उलथापालथ झाली असेल — नाही झाली. गाडी सुटली. मी तिला शेंगा दिल्या.

पेपरावर मार्क कापण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. कापायचेच नाहीत, तर लिहितील कशाला? आणि मी सांगितल्यावर तिने तरी शोधायचं कशाला? मी येणारे-न येणारे सगळे प्रश्न ठोकून आलो. सुमन बाहेर आली ती शांत, जरा खट्टू. म्हणाली, “शेवटचे बरेच सोडले. उत्तर डोक्यात येत होतं, पण खात्री नव्हती. उगीच असलेले मार्क घालवा कशाला?” परतीच्या गाडीत तिने ते सोडलेले प्रश्न एकेक करून आठवले आणि डोक्यात काय आलं होतं तेही सांगितलं. मी गाईड काढून ताडून बघत गेलो. जवळजवळ सगळी बरोबर होती. राजगुरुनगर यायच्या आत मला तिचा निकाल कळला होता.

यादी लागली. माझं नाव अगदी तळाशी, पण होतं. तिचं थोडक्यात हुकलं. आईने पेढे वाटले आणि दोन-तीनदा विचारलं, “सुमीचं कसं नाय आलं रं?” सुमननेच तिला समजावलं. “आत्या, कांद्यात बसून सोडवणं येगळं, परीक्षा येगळी. माझं डोकं परीक्षेचं नाय.”

ते वाक्य तिने तिथून पुढे धरून ठेवलं. मामाने म्हटलं, पुढच्या भरतीला बस. तर हसून म्हणाली, एकदा बसले, कळलं. मीही बस म्हणालो. एकदा. फार जोर नाही लावला.

तुम्ही म्हणाल, मग जन्मभर मन खात असेल. नाही हो. हेच तर सांगायला जड जातंय. आमचा संसार छान झाला. मी घोडेगावला रुजू झालो, फिरतीवर आहुप्यापर्यंत डोंगर तुडवला, नाचणीची भाकरी खाऊन अंगाने भरलो. सुमनने पोरं वाढवली, गावाकडची शेती फोनवरून हाकली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो कधी न्यायचा आणि कधी थांबायचं, हे मामासुद्धा तिला विचारायचा. आम्ही खूप हसतो. मला झोप चांगली लागते. ‘पश्चात्तापाने पोळून निघालो’ असं लिहिता आलं असतं तर हा मजकूर अधिक शोभला असता. पण एक खोटं पुरे झालं.

एक नाही. दोन. आणि दुसरं सांगण्यासाठीच हा सगळा वळसा घेतला.

पहिल्याला निदान भीती होती म्हणता येईल. गावाची, आईची, बायकोच्या मागे राहण्याची. दुसऱ्याला तेही नाही. मध्ये बरीच वर्षं गेली होती. सुमनची धाकटी बहीण शैला आता त्याच खात्याच्या परीक्षेची तयारी करत होती. एका रविवारी ती घोडेगावला आमच्याकडे आली. आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो.

“ताई, ह्या वेळेपासून चुकलं की मार्क कापणारेत.”

“आमच्या वेळी पण कापायचेच की,” सुमन म्हणाली.

“नाय गं. आमचे सर म्हणाले, ह्या खात्यात आत्ता पहिल्यांदाच चालू झालंय.”

सुमनने माझ्याकडे पाहिलं. संशय नव्हता त्यात. माहितगार माणसाला विचारावं तसं विचारलं, “अहो, कापायचे ना?”

विचार करा. नोकरी पक्की. पोरं शाळेत. आई सुनेच्या हातचं जेवून, तृप्त होऊन गेलेली. कुणी हसणार नव्हतं, कुणी काही काढून घेणार नव्हतं. सुमन रागावली असती, दोन दिवस बोलली नसती आणि मग कदाचित शैलाच्या शेजारी गाईड घेऊन बसली असती. वय अजून बसत होतं तिचं. मला ते ठाऊक होतं. अशा गोष्टी बघणं हे माझं कामच होतं.

“कापायचे,” मी म्हणालो. “तुझ्या सरांना काय माहीत?”

“दाजी, सर लई जुने हायेत त्यातले.”

“मग ती परीक्षा मी दिलीय का तुझ्या सरांनी?”

“बघ,” सुमन म्हणाली. तिच्या आवाजात माझा अभिमान होता. “ह्यांनी पास केलीय ती. ह्यांना नाय माहीत तर कुणाला?” मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “म्हणजे मी सोडले ते बरंच केलं. होते तेवढे तरी वाचले.”

सुमन उठून आत गेली आणि जरा वेळाने तिघांसाठी चहा घेऊन आली. आलं ठेचून घातलं होतं. मी प्यायलो. चांगला झाला होता.