कळल्यासारखी मान

खराडीत आयटी कंपन्यांच्या गेटसमोर माझी चहाची टपरी आहे. शाळा मी चौथीपर्यंत केली, तीही बहुतेक वर्गाबाहेर उभं राहून. पण तोंड चालतं. गिऱ्हाईक माझ्या बडबडीसाठी येतं, असं मी सांगतो. बायको म्हणते, चहा बरा असता तर एवढं बोलावं लागलं नसतं.

मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला. तिला टँकरच्या पाण्यावर प्रोजेक्ट लिहायचं होतं. आमच्या भागात पाणी कुणाला मिळतं, कुणाला नाही, आणि का. मॅडमनी पद्धत घालून दिली होती. आधी कच्चं लिहायचं. मग घरातल्या कमी शिकलेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. तो अडेल तिथं खूण करायची, आणि तेवढं परत लिहायचं.

असा माणूस शोधायला आमच्याकडे लांब जावं लागत नाही. तरी ती आईसमोर बसली. बायको मेथी निवडत होती. दुसऱ्याच वाक्याला म्हणाली, "थांब गं. हे काही कळलं नाही मला."

मी खाटेवर पडल्या पडल्या हसलो. "अगं, कॉलेजचं आहे ते, सिरीयल नाही. पोरी, इकडे ये, मला वाच."

बायको मेथीची परात उचलून आत गेली.

मुलगी वाचायला लागली. "पाण्याच्या उपलब्धतेतील विषमता ही नागरी विस्ताराच्या अनियोजित स्वरूपाशी निगडित आहे." मी मान हलवली. पुढचं वाक्य याहून लांब, म्हणून मान आणखी जोरात. एका ठिकाणी तर "वा!" सुद्धा म्हटलं.

"पप्पा, नक्की कळलं ना?"

"सोपं तर आहे."

अडाणी असायची मला सवय आहे. पोरीसमोर अडाणी दिसायची नाही. तिनं कुठंच खूण केली नाही. कच्चं होतं तेच छापून दिलं.

नंतर एके दुपारी ती कॉलेजातून थेट टपरीवर आली. ऑफिसवाल्यांची गर्दी होती.

"मॅडमनी परत दिलं. म्हणाल्या, तू कुणाला वाचून दाखवलंच नाहीस. मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, दाखवलंय, आमच्या पप्पांना सगळं कळलं."

"मग?"

"मग म्हणाल्या, तिसऱ्या पानावर काय म्हणायचंय ते पप्पांनाच विचारून ये. सोमवारपर्यंत नीट लिहून दिलं नाही, तर विषय राहील माझा."

तिनं तिसरं पान उघडून माझ्यासमोर धरलं. माझ्या एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात पातेलं. गिऱ्हाइकं बघायला लागली.

"तिसरं पान ना?" मी म्हणालो. "आलं जरा कमी पडलंय त्यात."

दोघंतिघं हसले. ती हसली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्हाला कळलंच नव्हतं." गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू. मी तिला वर्गासमोर खोटं पाडलं होतं, आणि ती माझी अब्रू सांभाळत होती. चारचौघांत ओरडली असती तर सोसलं असतं.

संध्याकाळी ती पुन्हा आईसमोर बसली. मला कुणी बोलावलं नाही. मी दाराशी मोबाईल बघत असल्यासारखा बसलो.

पहिलं वाक्य झालं. बायको गप्प. दुसरं झालं. तरी गप्प, नुसती पोरीकडे बघत होती. मागच्या वेळी तोंड उघडलं तर नवरा हसला होता, आता कशाला बोलेल? मुलीनं पान उलटलं. एकही खूण नाही.

"थांब," मी म्हणालो. "मला नाही कळलं."

"कुठलं?"

"पहिलंच."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मग पोरीला म्हणाली, "मलाही नाही. आणि दुसरं तर मागच्या वेळेपासून नाही कळलेलं."

मुलीनं पान परत मागे उलटलं, पेन काढलं. दर वाक्याला थांबून ती आमच्याकडे बघायची. बायको सरळ सांगायची. माझे मात्र प्रत्येक वेळी कान तापायचे. शेवटी राहवेना, मधेच एक विनोद टाकून बघितला.

"पप्पा, विनोद नको. कळलं की नाही, एवढंच सांगा."

"नाही कळलं," मी म्हणालो.

तिनं खूण केली आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.