राजाच्या बागेतले खड्डे

आमच्या धंद्यात जमिनीतून निघालेल्या प्रत्येक खापराला नंबर मिळतो, पिशवी मिळते, पिशवीला चिठ्ठी मिळते. किश्श्यांना मात्र कोणी विचारत नाही. ते चहाच्या वेळी निघतात, जेवणाच्या वेळी वाढतात आणि हंगाम संपला की ज्याचे त्याच्या घरी जातात. माझ्या घरी बरेच आले आहेत.

मी भंडाऱ्याचा, उत्खननावर ड्रॉइंग करणारा. म्हणजे दुसरे खोदतात आणि मी ते कागदावर उतरवतो. पवनी तालुक्यात, कोंढ्याहून थोडं पुढे, एका टेकाडावर आमचं दोन हंगाम काम चाललं. पहिल्या वर्षी विटांच्या राजवाड्याची भिंत लागली. दुसऱ्या वर्षी तिच्यामागे एक मोठं आवार निघालं. चारी बाजूंनी भिंत, पण आत घर नाही, चूल नाही, फरशी नाही. नुसते ओळीने खड्डे. आमच्या मॅडम म्हणाल्या, ही राजाची बाग आहे.

मॅडमनी जन्मभर जुन्या राजवाड्यांच्या बागांचाच अभ्यास केलेला. इराणातल्या, श्रीलंकेतल्या बागांवर त्या तासभर बोलत. पण स्वतः खोदून काढलेली एकही बाग त्यांच्या नावावर नव्हती, आणि या हंगामानंतर त्या रिटायर होणार होत्या. शेवटच्या आठवड्यात तज्ज्ञांची कमिटी येणार होती. कमिटीने बाग मानली तर काम पुढे चालणार, नाही तर सगळं बुजवून घरी जायचं. त्यामुळे मॅडमच्या बागेसाठी आम्ही सगळेच देव पाण्यात घालून बसलो होतो.

* * *

टेकाडावरचं शेत नामदेवरावांचं. रोज सकाळी ते बांधावर येऊन विचारायचे, आज काय भेटलं? मी सांगायचो, खड्डा. चार दिवस त्यांनी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, खड्डा खोदून खड्डा भेटला, हे सरकारले सांगू नका."

मग मॅडमनी त्यांना खाली उतरवून समजावलं. झाड मरतं, कुजतं, पण त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्याची माती रंगाने वेगळी राहते. तो रंगाचा गोल दिसला की तिथे झाड होतं असं समजायचं. नामदेवरावांना ते पटलं, आणि जरा जास्तच पटलं. आपल्या शेतात राजाची बाग आहे, हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकलं.

एका रविवारी तुमसरहून त्यांचे व्याही सहकुटुंब बाग बघायला आले. बायका ठेवणीतल्या साड्यांत, हातात डबे, काखेत सतरंजी. व्याह्यांनी खड्ड्यांच्या ओळी बघितल्या आणि मग नामदेवरावांकडे बघितलं. नामदेवराव जराही डगमगले नाहीत. सगळ्यांना पलीकडच्या स्वतःच्या वांग्यांच्या वाडीत घेऊन गेले, तिथे सतरंजी अंथरली, चूल मांडून भाजी शिजवायला लावली. व्याही दोन थैल्या वांगी घेऊन परतले. राजाच्या बागेतली वांगी फार चवदार, असं ते अजूनही तुमसरला सांगतात म्हणे!

* * *

खापरं जुळवून भांडं उभं करायचं काम शेंड्यांकडे. माणूस टापटिपीचा, त्यांच्या टेबलावरची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवलेली. आवाराच्या भिंतीलगत बरीच मडकी निघाली, प्रत्येकाच्या बुडाला भोक. मॅडम खूश झाल्या, कारण त्या कुंड्या होत्या. फक्त हे शेंड्यांना सांगायचं राहून गेलं.

पंधरा दिवसांनी शेंड्यांनी मडकी मांडून मॅडमना बोलावलं. एकूण एक मडकं जोडलेलं, आणि एकूण एक भोक प्लास्टरने बुजवून वरून मडक्याच्या रंगाचा हात मारलेला. कुठे होतं ते ओळखू येणार नाही इतकं सुबक काम.

मॅडम बराच वेळ मडकी उलटीपालटी करत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या की शेंडे, भोकं मोकळी करा. शेंडे दुखावले.

"मॅडम, पाणी गळन ना."

"गळू दे. राजाच्या माळ्याचीही तीच इच्छा होती."

शेंड्यांनी भोकं मोकळी केली. पण यादीत प्रत्येक मडक्यापुढे आपल्या सुंदर अक्षरात शेरा लिहिला, 'पाणी गळते.'

* * *

आवाराच्या मधून विटांची एक नाली गेली होती. बागेला पाणी देणारी नाली वाड्याकडून खड्ड्यांकडे उतरायला हवी. मी लेव्हलचं यंत्र लावून मोजलं, तर ती चढत होती. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा चढ. मॅडमचा चेहरा उतरला. आधीच उद्या-परवा करत कमिटी जवळ येत होती.

आमच्याकडे माती वाहायला येणारे भाऊराव मूळचे गावचे पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत केव्हा आणि किती सोडायचं, हे बघणारा माणूस. ते टोपली ठेवून माझ्या यंत्राच्या पायांकडे बघत उभे राहिले. मग नालीशेजारी पालथे पडले, गाल जमिनीला टेकवला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "नाली बराबर हाये. तुमची मशीनच खचून राहिली."

यंत्र मी आदल्या दिवशी भरलेल्या भुसभुशीत मातीवर उभं केलं होतं! माझ्या वीस वर्षांच्या अनुभवाचं त्या दिवशी काय झालं ते विचारू नका.

मी काही बोलायच्या आत भाऊरावांनी पिण्याच्या पाण्याचा लोटा नालीत ओतला. खोदकामात पाणी सांडणं म्हणजे महापाप. नुसती चूळ भरली म्हणून मॅडमनी एकाला दिवसभर बाहेर बसवलं होतं. पाणी थोडं थबकलं, अर्धं विटांनीच पिऊन टाकलं, उरलेलं मात्र सरळ चालू लागलं आणि खड्ड्यांच्या पहिल्या ओळीजवळ जाऊन थांबलं.

मॅडम म्हणाल्या, "भाऊराव, आणखी एक लोटा."

* * *

एक किस्सा माझ्याच फजितीचा. एका सकाळी एका खड्ड्यात दोन पानांचा कोंब दिसला. मला वाटलं, राजाच्या बागेतलं बी इतक्या वर्षांनी रुजलं. शेजारी मोजपट्टी ठेवून मी त्याचं चित्र काढलं, शिरांसकट. तासभर गेला.

खड्डे रिकामे करायचं काम गिरजाबाईंचं. साठीच्या, बोलणं कमी, हात मात्र इतका हलका की एक खापर तुटलं नाही. त्या येऊन चित्राकडे बघत राहिल्या. चांगलं काढलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, हे भेदराचं रोप आहे, म्हणजे टोमॅटोचं; मागच्या हप्त्यात याच काठावर बसून तुम्हीच कच्चं खाल्लं होतं.

ते चित्र मी अजून जपून ठेवलं आहे.

* * *

शेवटी कमिटी आली. तिघं जण होते, पण बोलत होते एकच मोठे साहेब. माणूस सज्जन, अभ्यास दांडगा. त्यांनी सगळं मन लावून बघितलं आणि म्हणाले की ओळीत खड्डे म्हणजे लाकडी खांबांचे खड्डे. राजाला बसायला मंडप लागतो. नाली पावसाच्या पाण्याची असेल, भोकाची मडकी पूजेतलीही असतील. माझं मोठं ड्रॉइंग टेबलावर पसरलं होतं. त्यावर, बरोबर आवाराच्या मधोमध, त्यांनी पेन्सिलने 'मंडप' असं लिहिलं.

मॅडम तासभर बोलल्या. मातीचे नमुने लॅबला गेले होते, रिपोर्ट आला नव्हता. साहेब म्हणायचे, रिपोर्टाशिवाय कसं मानू? बोलता बोलता मॅडमचा आवाज बारीक होत गेला आणि शेवटी त्या ठीक आहे म्हणून खुर्चीत बसल्या. मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांची विद्या, आणि दाखवायला हातात काही नाही.

काम करणाऱ्या बाया पलीकडे बसल्या होत्या. बुजवायला कधी घ्यायचं, हे ऐकायलाच थांबलेल्या. त्यांतल्या गिरजाबाई उठल्या, अजून अर्धाच रिकामा झालेल्या शेवटच्या खड्ड्यात उतरल्या आणि मूठभर माती आणून टेबलाच्या कडेवर ठेवली.

"साहेब, भोवतालची माती पिवळी हाये, अन् खड्ड्यातली काळी. याच्यात राखड हाये, खापरं हायेत, हाडकं हायेत. उकिरड्याचं खत व्हय हे. आमी बी आंबा लावतो तं हेच टाकतो."

साहेब मातीवर वाकले.

"खांबाले कोनी खत घालते का?"

साहेबांनी ती माती बोटांनी चुरली, नाकाशी नेली. मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "खोडरबर आहे का?"